एक कॉपी जास्त

कोपरखैरणे, सेक्टर पंधरा,
पाटीवर लिहिलंय: झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो.
चौथी गोष्ट पाटीवर नाही.
काउंटरखाली, टोनरच्या रिकाम्या डब्याशेजारी
एक निळी फाइल असते.

तेजल झाली तेव्हा डॉक्टर म्हणाले,
एकविसाव्या गुणसूत्राची एक कॉपी जास्त आलीय.
बाकीचं इंग्रजीत वाहून गेलं.
कॉपी तेवढं कळलं,
तो आपल्या धंद्यातला शब्द.
बायको म्हणाली, मग जास्तीची परत नाही का घेत?
आणि आम्ही दोघं हसलो, वॉर्डात.
नर्सने वळून पाहिलं.

मग मी वाचायला लागलो. म्हणजे शोधायला.
वाशीला पुस्तकांच्या दुकानात पोऱ्याने
गर्भसंस्कारांच्या रांगेसमोर नेऊन उभं केलं.
एका जाड पुस्तकात तिच्यासाठी जो शब्द होता
तो मी घरी नेला नाही.
एका पातळ पुस्तकात देव होता,
खास मुलं खास घरीच धाडणारा.
मला विचारायचं होतं,
जीभ बाहेर राहते, तर भात कसा भरवू?

वाचण्यासारखं शेवटी मशीनमधूनच आलं.
स्पीच थेरपीच्या लोबो मॅडम पाच पानं घेऊन आल्या:
चमचा कुठे टेकवायचा, फुंकर कशी शिकवायची.
दहा संच, म्हणाल्या. मी अकरा काढले.
विचारलं नाही. ते चूकच.
महिन्याने कबूल केलं तेव्हा काही बोलल्या नाहीत,
पर्समधून आणखी चार कागद काढले.

अशी फाइल वाढली.
हृदयाचा इको लवकर. थायरॉइड दर वर्षी.
'ऐकत नाही' म्हणण्याआधी कान तपासा.
कोलांटउडीआधी मानेचं डॉक्टरांना विचारा.
इंग्रजी पानं समोरच्या बिल्डिंगमधल्या
फडतरे बाईंनी मराठीत आणली.
तीस वर्षं भूगोल शिकवलाय त्यांनी.
'स्नायूंची शिथिलता' लिहिलं, खोडलं,
वर लिहिलं: 'उचलताना अंग सैल लागतं. घाबरू नका.'

कोण कोण नेतं. घणसोलीचा एक रिक्षावाला.
बालवाडीच्या ताई, दोघी.
परवा एक शिकाऊ डॉक्टर, प्रबंधाच्या बाइंडिंगला आलेली,
उभ्या उभ्या फाइल चाळत म्हणाली,
आम्हाला आकडे शिकवले,
आईबापांशी पहिलं वाक्य काय बोलायचं, ते राहिलं.
मी म्हटलं, पान सतरा.
पानाला दोन रुपये. तिलाही.

पिना तेजल मारते. पंधरा वर्षांची आहे आता.
स्टेपलरला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही.
आणि पिन उजव्या कोपऱ्यात. कायम उजव्या.
सांगून झालं, दाखवून झालं, रागावून झालं.
ती ऐकून घेते, मान डोलावते
आणि ठक्. उजवीकडे.

त्याचं असं होतं की
डाव्या पिनेची सवय असलेला माणूस
गठ्ठा हातात घेतो आणि पालथा करतो.
कागद पाठपोट छापलेले.
म्हणजे शेवटचं पान आधी वाचलं जातं.
ते ऐरोलीच्या एका बापाचं हस्ताक्षर आहे,
त्याला विचारून काढलेलं:
'मुलगा सव्वीसचा. बेकरीत खारी मोजतो.
काल रिमोटवरून माझ्याशी भांडला.
जिंकला.'

तपासण्या, तक्ते, फोन नंबर
त्यानंतर.

गेल्या आठवड्यात एक बाई आल्या,
झोळीत सात आठवड्यांचं बाळ.
म्हणाल्या, भाऊ, पिन चुकीच्या बाजूला लागलीय.
मी काही बोलणार तोच
तेजलने स्टेपलर खाली ठेवला.
'बलोबल आहे,' म्हणाली.
र अजून येत नाही तिला.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग बाळाकडे.
मग तो गठ्ठा
जसा हातात होता तसाच
उभ्याने वाचायला लागल्या.